बेडकाची अंडी गोळा करणारी माणसं



मी कॉमर्सचा पदवीधर. सगळं आयुष्य बँकेत नावे-जमा करण्यात गेलं. त्यामुळे आजचा विषय बघून काहीजण हसतील. हसा, पण वाचा. बेळगाव-धारवाडकडच्या आठवणी निघाल्या की आपण किल्ला, तालमी, नाटक मंडळ्या आणि सीमालढा यांवर भरभरून बोलतो. पावसाळ्यात रस्त्याकडेला साचणाऱ्या डबक्याचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. तो इतिहास पार नोबेल पारितोषिकापर्यंत जातो, आणि त्याची पहिली ओळख मला धारवाडच्या एका भाड्याच्या खोलीत झाली.

आधी शास्त्राचं थोडं सांगतो. माझ्यासारख्या बिनशास्त्राच्या माणसाला समजलं तेवढंच.

एका पेशीपासून अख्खा प्राणी कसा तयार होतो, डोकं कुठं आणि शेपूट कुठं हे कोण ठरवतं, हा माणसाला पडलेला फार जुना प्रश्न. पण बघायचं कुठं? गाई-म्हशीचं, माणसाचं सगळं पोटात चालतं. कोंबडीचं कवचाच्या आत. बेडकी मात्र आपली अंडी उघड्या पाण्यात घालते. त्यांना कवच नाही, भोवती नुसता पारदर्शक चिकट थर असतो, साबुदाण्याच्या खिरीसारखा. अंडं मोहरीएवढं, म्हणजे एक ते दोन मिलिमीटरचं. सस्तन प्राण्याच्या अंड्याच्या मानाने ते राक्षसीच म्हणायचं. साध्या भिंगातून दिसतं. वरची बाजू काळपट, खालची पांढरट. फलन झालं की ते आपोआप फिरून काळी बाजू वर करतं. मग काही तासांत मधोमध एक चीर पडते आणि एकाचे दोन होतात. दोनाचे चार, चाराचे आठ. कुठं कापाकापी नाही, यंत्र नाही, निसर्ग उघड्यावर हिशेब मांडून बसलेला असतो.

म्हणून तीनशेपेक्षा जास्त वर्षं या विद्येचे पंडित बेडकाच्या अंड्यामागे लागले. सतराव्या शतकात हॉलंडच्या स्वामरडाम यांनी अंड्यावरची ती पहिली चीर पाहून नोंदवली. अठराव्या शतकात इटलीत स्पालांझानी नावाचे पाद्री-प्राध्यापक होते. त्यांनी नर बेडकांना चक्क मेण लावलेल्या तलम कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या! मादीने अंडी घातली, पण एकातूनही पिल्लू निघालं नाही. चड्डीत साचलेले थेंब घेऊन अंड्यांना लावले, तेव्हा पिल्लं निघाली. नराचा द्रव अंड्याला प्रत्यक्ष लागावा लागतो, हे त्यातून सिद्ध झालं. १८२४ साली प्रेव्हो आणि द्युमा या दोघांनी जिनिव्हात अंड्यावरच्या चिरा क्रमाने कशा पडत जातात ते लिहून ठेवलं. नराचा द्रव गाळून घेतला, त्यातले शुक्रजंतू अडवले, तर अंडं फळत नाही हेही त्यांनी दाखवलं.

या मालिकेतलं मला जवळचं वाटणारं नाव जॉर्ज न्यूपोर्ट यांचं. कँटरबरीच्या एका चाकं करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा, पुढे सर्जन झाला. शुक्रजंतू अंड्यात ज्या बाजूने शिरतो तिचा पहिल्या चिरेच्या दिशेशी संबंध असतो, हे त्यांनी बेडकाच्या अंड्यावर दाखवलं. लंडनच्या पश्चिमेला दलदलीत नमुने गोळा करताना त्यांना ताप लागला, आणि त्यातच १८५४ च्या एप्रिलमध्ये ते वारले. वय पन्नासच्या घरात. पुस्तकात आपण निष्कर्ष वाचतो. तो निष्कर्ष मिळवायला कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभं राहिलेलं असतं, हे तिथं छापलेलं नसतं.

पुढची गोष्ट जर्मनीतली. १८८८ साली विल्हेल्म रू यांनी दोन पेशी झालेलं बेडकाचं अंडं घेतलं आणि तापवलेल्या सुईने त्यातली एक पेशी मारली. उरलेल्या पेशीतून अर्धाच भ्रूण झाला. म्हणजे प्रत्येक पेशीला तिचा वाटा आधीच नेमून दिलेला आहे, असं त्यांचं मत पडलं. तीनेक वर्षांत हान्स ड्रीश यांनी समुद्रातल्या एका प्राण्याच्या, सी अर्चिनच्या, दोन पेशी हलवून वेगळ्या केल्या. त्या दोन्हींतून लहान पण पूर्ण जीव तयार झाले. आता खरं कुणाचं? १८९५ साली टी. एच. मॉर्गन यांनी पुन्हा बेडकाचंच अंडं घेतलं. रू यांच्यासारखीच एक पेशी मारली, पण अंडं उलटं केलं. मग उरलेल्या पेशीतून कधी अर्धा, तर कधी पूर्ण भ्रूण मिळाला. म्हणजे वाटणीपत्र पक्कं नव्हतं, पेशीला तिच्या परिस्थितीप्रमाणे बदलता येत होतं. आमच्याकडे वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात चालतात. इथं सात वर्षांत निकाल लागला, आणि खरे साक्षीदार होते डबक्यातली अंडी!

त्यानंतर श्पेमान. त्यांनी बेडकाच्या भाऊबंदाची, न्यूट नावाच्या शेपटीवाल्या प्राण्याची अंडी घेतली आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फास करून ती मधोमध आवळली. त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड हिने १९२१ आणि १९२२ च्या वसंतात फ्रायबर्गमध्ये एका भ्रूणाचा छोटासा तुकडा दुसऱ्याच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथं दुसरा भ्रूण उगवला, जणू जुळं. शेकडो प्रयत्नांत मोजकेच जगले. त्या मोजक्यांवर १९२४ चा प्रसिद्ध निबंध उभा आहे. त्याच वर्षी घरातल्या स्टोव्हचा भडका उडून हिल्डे गेली, पंचविशीत. श्पेमान यांना १९३५ साली नोबेल मिळालं.

मी ‘वसंतात’ हा शब्द मुद्दाम वापरला. या सगळ्या मोठ्या लोकांची एकच अडचण होती. अंडी वर्षातून काही आठवडेच मिळतात. तिकडे बर्फ वितळल्यावर, आपल्याकडे पाऊस पडल्यावर. प्रयोग फसला तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खिडकी वर्षातून एकदाच उघडते, आणि रांगेत नंबर लागला नाही तर बारा महिने घरी बसा.

ही अडचण काय असते ते मी जवळून पाहिलं. माझी बदली धारवाडला झाली तेव्हा मी पंचविशी ओलांडलेला, बिनलग्नाचा. साधनकेरीच्या बाजूला कौलारू घरात एक खोली मिळाली. खोलीत माझ्या आधीपासून निपाणीकडचा एक मुलगा राहत होता. प्राणिशास्त्राचा संशोधक विद्यार्थी. मराठी बोलणारा म्हणून आमची गट्टी लगेच जमली. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला स्वतःचं नाव पुढे केलेलं कधीच आवडलं नाही. आम्ही सगळे त्याला मास्तर म्हणायचो, आणि पुढे तो खरोखरच मास्तर झाला.

मास्तरचं काम होतं बेडकाच्या अंड्यांच्या वाढीचे टप्पे. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की रात्री दहाला तो एव्हरेडीची बॅटरी आणि छत्री घेऊन निघायचा. आवाज कुठून येतो ते ऐकायचं आणि जागा हेरून ठेवायची. पहाटे साडेचारला उठून तिथंच परत जायचं, कारण अंडी रात्री घातली जातात आणि पहिल्या काही तासांतले टप्पे हवे असतील तर उशीर चालत नाही. बरोबर हॉर्लिक्सच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या, एक जेवणाचा चमचा आणि शाईचा ड्रॉपर. अंडी हाताने उचलायची नाहीत, चमच्याने पाण्यासकट घ्यायची. पाणी त्याच डबक्यातलं. एका बाटलीत थोडीच घालायची, गर्दी झाली की गुदमरतात. बाटली उन्हात धरायची नाही. मी दोन-चारदा सायकलवर मागे बसून गेलो, बाटल्या मांडीवर घेऊन. तो सांगायचा, “अरे, खड्डा चुकव म्हणून मला सांगत बस, पण बाटली हलू देऊ नको.”

कुठला बेडूक कशी अंडी घालतो हे मी त्याच्याकडून शिकलो. खरखरीत पाठीचा जो बेडूक आपल्या न्हाणीघरात येऊन बसतो, तो टोड. त्याची अंडी लांबलचक दोऱ्यात ओवलेली, काळ्या मण्यांच्या दुपदरी माळेसारखी, हजारोंच्या संख्येने. झाडावरचा बेडूक पाण्यावर आलेल्या फांदीला किंवा भिंतीला साबणासारख्या फेसाचं घरटं करतो आणि त्यात अंडी ठेवतो. आणि अंगठ्याच्या पेराएवढा एक चिमुकला बेडूक आहे, मायक्रोहायला ऑर्नाटा. त्याची बारीक अंडी पाण्यावर एका थराचा तवंग आल्यासारखी तरंगतात. आपण त्यावर पाय देऊन जातो, कळतसुद्धा नाही.

मी विचारलं होतं, “एवढी मोठमोठी तळी आहेत धारवाडात, मग हे बेडूक घाण डबक्यात का अंडी घालतात?” तो म्हणाला, “तळ्यात मासे असतात. डबकं महिन्या-दोन महिन्यांनी आटतं, म्हणून त्यात मासे नसतात. आटतं म्हणूनच ते सुरक्षित.” मात्र त्याची किंमतही मोजावी लागते. पाणी आटायच्या आत अंड्याचं पिल्लू, पिल्लाचा बेडूक व्हायला हवा. त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळी बेडकांची वाढ झपाट्याने होते. डबकं म्हणजे मुदतीची ठेव आहे, आणि मुदत पाऊस ठरवतो, हे मी तेव्हाच मनाशी टिपून ठेवलं.

खोलीत इनॅमलची पसरट ताटं मांडलेली असायची. नळाचं पाणी थेट चालायचं नाही, त्यातलं क्लोरीन अंड्यांना मारतं. आमच्या मालकीणबाई कानडी. पहिल्या दिवशी त्यांनी दारातून डोकावून मला विचारलं, “कप्पी तत्ती तिंतारेन्री?” म्हणजे, बेडकाची अंडी खातात काय हो? मास्तरने त्यांना आत बोलावून भिंग हातात दिलं. नेमकी तेव्हा अंड्यावर पहिली चीर पडत होती. बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कौलांच्या पन्हळीखाली त्यांचा तांब्याचा हंडा लागला. मास्तरने हात जोडून सांगितलं, तांबं नको, अंडी मरतील. मग मातीचा डेरा आला. पावसाचं पाणी त्याच्यासाठी राखून ठेवायचं हे त्यांनी स्वतःच ठरवलं.

मला त्याच्या कामात करता येण्यासारखं एकच होतं, हिशेब. त्याच्या नोंदी चिठ्ठ्या-चपाट्यांवर. मी बाजारातून लांब पानांची खतावणी आणून दिली आणि रकाने आखून दिले. तारीख, वेळ, डबक्याचं नाव, पाऊस, पाण्याचं तापमान, आणलेली अंडी, मेलेली, फुटलेली, शिल्लक. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्यावर कापसासारखी बुरशी येते आणि ती शेजारच्यांनाही खाते. म्हणून दर काही तासांनी मेलेली वेचून काढायची आणि त्याच वेळी रकान्यात भरायची. रात्री आम्ही ताळा जमवायचो. आणलेली वजा मेलेली बरोबर शिल्लक. एक जरी कमी-जास्त निघालं तरी मी त्याला झोपू द्यायचो नाही.

त्याची शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. म्हणजे तीन पावसाळे. पहिला पावसाळा शिकण्यातच गेला, बरीच अंडी मेली. दुसरा चांगला गेला. तिसऱ्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही निम्म्या कोरड्या. नंतर पाऊस आला तो एकदम, डबकी एका रात्रीत वाहून गेली. त्यातच घरून तार आली, वडील गेले. पाठीमागे दोन बहिणी लग्नाच्या. तो निपाणीला गेला तो परत आला नाही. तिकडे हायस्कूलवर लागला. प्रबंध राहिला तो राहिलाच. यात कुणाचा दोष नव्हता. खिडकी वेळेवर उघडली नाही, एवढंच.

आता गंमत बघा. ज्या हंगामाने मास्तरचं नुकसान केलं, त्या हंगामावर जगाने तोवर उपाय शोधून काढलेला होता. बेडकाच्या मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची बारीक ग्रंथी असते. १९३० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट्स रग यांनी ही पद्धत नीट बसवली. दुसऱ्या बेडकांच्या पीयूषिका काढून मादीला टोचायच्या. दोनेक दिवसांत ऐन हिवाळ्यातही तिच्याकडून अंडी काढून घेता येतात. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत लान्सलॉट हॉगबेन झेनोपस नावाच्या, कायम पाण्यात राहणाऱ्या बेडकावर काम करत होते. पीयूषिकेचा अर्क टोचला की ही मादी अंडी घालते, असं त्यांना दिसलं. त्यातून पुढे गरोदरपणाची चाचणी निघाली. बाईच्या लघवीचा अंश या बेडकीला टोचायचा. बाई गरोदर असेल तर बेडकी काही तासांत अंडी घालते. घरोघरी पट्टीवर चाचणी करणाऱ्या आजच्या मुलींना हे खरंसुद्धा वाटणार नाही. पण कितीतरी वर्षं दवाखान्यांत ही चाचणी चालली, आणि तिच्यामुळे झेनोपस देशोदेशी पोचला. टाकीत सुखाने राहतो, हवी तेव्हा अंडी देतो, मग डबक्यात कोण जाणार?

१९५२ साली फिलाडेल्फियात ब्रिग्ज आणि किंग यांनी अमेरिकन लेपर्ड बेडकाच्या अंड्यातलं केंद्रक काढून त्या जागी भ्रूणाच्या पेशीतलं केंद्रक घातलं, आणि त्यातून टॅडपोल, म्हणजे बेडूकमासे, मिळवले. ऑक्सफर्डच्या जॉन गर्डन यांनी झेनोपसवर त्याही पुढची पायरी गाठली. त्यांनी टॅडपोलच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक घेतलं. म्हणजे जी पेशी आधीच आतडं म्हणून ‘कायम’ झालेली आहे, तिच्या केंद्रकातूनही अख्खा बेडूक होऊ शकतो, हे त्यांनी दाखवलं. १९६२ च्या त्या कामाला नोबेल मिळालं २०१२ साली, पन्नास वर्षांनी. १९९६ ची डॉली मेंढी याच वाटेवरची.

पण जमेच्या बाजूबरोबर नावेची बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेत शाळा-कॉलेजं आणि प्रयोगशाळांसाठी लेपर्ड बेडूक रानातून पकडून विकण्याचा मोठा धंदा होता. १९७० च्या आगेमागे त्यांची संख्या इतकी घसरली, की १९७१ साली ‘जिवंत बेडूक जवळजवळ मेला आहे’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख एका शास्त्रीय मासिकात आला. धंदा हे एकच कारण नव्हतं, पण ताळेबंद कुणी वेळेवर जमवला नव्हता हे खरं. आपल्याकडे तर प्रयोगशाळेपेक्षा ताट मोठं. आपला मोठा पिवळट-हिरवा बेडूक, राना टायग्रिना, पायांसाठी पकडून परदेशी पाठवत होते, वर्षाला हजारो टन. शेतातले किडे खाणाराच गेला तर पिकाचं काय, अशी ओरड झाली आणि १९८७ साली निर्यात बंद झाली. गोव्यातल्या मंडळींना ‘जंपिंग चिकन’ हा शब्द माहीत आहे. पहिल्या पावसात बॅटऱ्या घेऊन निघणारी तिकडची माणसं मास्तरसारखी चमचा घेऊन जात नव्हती, पोती घेऊन जात होती. आणि बेडूक नेमके अंडी घालायला जमलेले असतात तेव्हाच पकडले, की मुद्दलही गेलं आणि व्याजही.

मग डबक्याचं काम संपलं का? नाही, आणि हेच मला आज सांगायचं आहे. आपल्याकडचे अभ्यासक डबक्याकडे जातच राहिले. पुणे विद्यापीठात डॉ. लीला मुळहेरकर होत्या. एडिंबरोला वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या भ्रूणावर काम शिकून आल्या आणि पुण्यात त्यांनी भ्रूणशास्त्राची परंपरा उभी केली. त्यांच्याकडे १९८० च्या सुमारास त्या चिमुकल्या मायक्रोहायलाच्या अंड्यांवर पाऱ्याचा क्षार काय परिणाम करतो हे तपासलं गेलं. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात प्रा. सैदापूर यांच्या गटाने टोडची अंडी आणून वाढवली. काही भावंडांबरोबर, काही परक्यांच्या शेजारी, काही एकेकटी. टॅडपोलना आपली सख्खी भावंडं ओळखता येतात का, हा प्रश्न. ओळखता येतात, असं दिसलं, आणि २००० साली ते प्रसिद्ध झालं. त्या पिल्लांना खायला उकडलेला पालक घालत. मी हे मास्तरला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा तो खूप हसला. म्हणाला, “आपण पण पालकच घालत होतो की रे.”

सगळ्यात नवलाचं काम भुवनेश्वरचं. उत्कल विद्यापीठात प्रा. प्रियंवदा मोहंती हेजमाडी, ज्या ओडिसी नृत्यांगना म्हणूनही प्रसिद्ध, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिकडच्या एका पावसाळी फुगऱ्या बेडकाचे टॅडपोल घेतले. शेपटी कापली आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या द्रावणात ठेवले. शेपटीच्या जागी पाय उगवले! १९९२ साली ‘नेचर’मध्ये ते छापून आलं आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी डोळे चोळले. टाकीतल्या परदेशी बेडकावर इतकी वर्षं काम चाललं होतं, आणि ही गोष्ट दिसली ती ओडिशातल्या स्थानिक बेडकात. टाकीतला बेडूक विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. जो प्रश्न अजून कुणाला सुचलेलाच नाही, तो गावच्या डबक्यात पडून असू शकतो.

मास्तरने खतावणी बंद केली नाही. निपाणीला शाळेत लागल्यावरही दर वर्षी पहिल्या पावसाच्या तारखा, कुठल्या डबक्यात कुणाची अंडी, किती दिवसांत पिल्लं, पाणी कधी आटलं, सगळं लिहीत राहिला. अंडी आणणं त्याने सोडलं होतं, जागेवरच बघायची. त्याच्या वर्गातली मुलं शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्याच्याबरोबर जायची. कुठल्याही शोधनिबंधावर त्याचं नाव नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्या मुलीने ती वही मला आणून दिली आणि म्हणाली, “काका, यातले रकाने तुम्ही आखलेले आहेत, असं बाबा सांगायचे. तुमच्याकडे असू द्या.”

धारवाडच्या पानांवर एकोणीस डबक्यांची नावं आहेत. सायकल दुकानामागचं, विटभट्टीचं, शाळेच्या कंपाउंडबाहेरचं, अशी. गेल्या जूनमध्ये पुतण्याची गाडी काढून मी ती हुडकत फिरलो. बारा जागा सापडल्या, बाकीच्यांच्या खुणाच उरलेल्या नाहीत. बारांतल्या चार ठिकाणी पाणी होतं. एका ठिकाणी टोडच्या काळ्या माळा होत्या, रस्त्यापासून दोन हातांवर. उरलेल्या आठांत लेआउट, काँक्रीटची गटारं, एक पार्किंग. यात वाईट हेतू कुणाचा नाही. डासांसाठी डबकी बुजवावी लागतात, माणसांना घरं लागतात. पण बुजवताना आपण काय बुजवतोय याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. नोंदीशिवाय खातं बंद करणं मला अजून जमत नाही.

म्हणून मंडळी, एक विनंती. बेळगाव, खानापूर, कारवार, गोवा, इंदूर, बडोदा, जिथं असाल तिथं, येत्या पावसाळ्यात एका साध्या वहीत चार रकाने आखा. बेडकांचा पहिला आवाज कधी ऐकला, कुठं, अंडी दिसली का, पाणी कधी आटलं. अंडी उचलून घरी आणू नका. काही जाती कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना हात लावायला वनखात्याची परवानगी लागते. आणि बघायला भिंग पुरतं. नातवंडांना बरोबर न्या. पहाटे लवकर गेलात तर एकाचे दोन होताना दिसेल.

आणि तुमच्या लहानपणीचं डबकं कुठं होतं, तेही आठवून लिहून ठेवा. नावासकट. मास्तरच्या वहीत अजून बरीच कोरी पानं आहेत. तुम्ही कळवलंत तर मी उतरवून घेईन.